मदत मागितली, पोलीस आले: अमेरिकेतला कृष्णवर्णीय समाज, मनाचे आजार आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२७ ऑगस्ट २०२३ ला न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत अँड्र्यू वॉशिंग्टन या ५२ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी त्याच्याच घरात गोळ्या घातल्या. तो मनाच्या आजाराने त्रस्त होता. घरच्यांनी फोन केला होता तो पोलिसांना नव्हे, मानसिक संकटात मदत करणाऱ्या सेवेला. मी याच शहरात राहते आणि रुग्णालयांत मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते. त्या आठवड्यात गणपतीच्या तयारीच्या बैठकीत विषय निघाला आणि लोकांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. काही कळकळीचे होते, काही ऐकून मान खाली जावी असे. दोन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत.

'कृष्णवर्णीय' म्हणायचं की 'काळे'?

आपल्या बैठकींत 'काळे' किंवा त्याहून वाईट शब्द सर्रास चालतात आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ते लोक स्वतःला 'ब्लॅक' म्हणवतात. मी लिहिताना 'कृष्णवर्णीय' वापरते, कारण तो मराठी वाचकाला रुळलेला आहे. बोलताना 'ब्लॅक' म्हणते.

मनाचा आजार आणि पोलीस यांचा संबंध येतोच कुठे?

येतो तो फोनमुळे. मार्च २०२० ची गोष्ट घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये डॅनियल प्रूड हा ४१ वर्षांचा माणूस भावाकडे आला होता. त्याचं वागणं बिघडलेलं पाहून भावाने त्याला रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था केली. रुग्णालयाने तपासून काही तासांत परत पाठवलं. त्याच रात्री तो कडाक्याच्या थंडीत जवळपास उघडाच घराबाहेर पळाला. भावाने ९११ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवला. पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. तो थुंकत होता म्हणून डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि डोकं रस्त्यावर दाबून धरलं. त्याचा श्वास थांबला. आठवड्याने, ३० मार्चला, तो गेला. चित्रफीत लोकांसमोर यायला सप्टेंबर उजाडला. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, एकाही पोलिसावर आरोप ठेवला नाही. शहराने मात्र पुढे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई दिली.

या माणसाने कुणावर हल्ला केला नव्हता. भावाने मागितली ती मदत, आणि पाठवायला त्या रात्री शहराकडे होते फक्त पोलीस.

पण पोलीसच का? ॲम्ब्युलन्स का नाही?

इतिहास थोडा लांबचा आहे. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. कित्येकांचं आयुष्य तिथेच संपायचं. अवस्था भयंकर होती, म्हणून ही रुग्णालयं रिकामी करायचं ठरलं. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी कायद्यावर सही केली: मोठी रुग्णालयं आटोपती घ्यायची आणि वस्तीवस्तीत मानसिक आरोग्याची केंद्रं उघडायची. पहिला भाग पार पडला. दुसरा अर्धवट राहिला आणि १९८१ मध्ये केंद्राचा पैसाही आटला. माणसं घरी आली, रस्त्यावर आली, तुरुंगात गेली. रात्री दोन वाजता दार उघडं असणारी सरकारी यंत्रणा एकच उरली.

त्यात ९११ ची रचनाच अशी की पलीकडचा माणूस पहिल्या मिनिटात विचारतो, 'हत्यार आहे का?' घरात सुरी असतेच. 'हो' म्हटलं की कॉलची जात बदलते. आधी पोलीस जाणार, जागा सुरक्षित आहे असं ते सांगणार, मग ॲम्ब्युलन्सचे लोक आत येणार. बरेचदा ते येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

आकडे काय सांगतात?

वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने २०१५ पासून दहा वर्षं पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवली. वर्षाला साधारण हजार माणसं. त्यांतल्या सुमारे पाचांतल्या एकामध्ये मानसिक आजाराची चिन्हं होती. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या गोळीने मरण्याचं प्रमाण गोऱ्या माणसाच्या दुपटीहून जास्त. लक्षात घ्या, ही फक्त गोळीची मोजणी आहे. डॅनियल प्रूड या यादीत नाही, कारण त्याला गोळी लागली नव्हती.

कृष्णवर्णीय घरांत मनाच्या आजाराबद्दल इतकी लपवाछपवी का असते?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारते: तुमच्या घरी 'येरवडा' हा शब्द कशासाठी वापरतात? गाव म्हणून तर नक्कीच नाही. ठाण्याच्या इस्पितळाचंही तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मुलीचं लग्न अडेल, लोक काय म्हणतील, घराण्याला बट्टा लागेल. ही भीती त्यांच्याकडेही आहे. घरातलं घराबाहेर जाता कामा नये, अशी शिकवण त्यांच्याही आज्या देतात. आणि 'चर्चला जा, प्रार्थना कर, देव बघून घेईल' हा सल्लाही आपल्याला अनोळखी नाही. फक्त आपल्याकडे नावं वेगळी: गाणगापूर, नृसिंहवाडी, एखादा अंगारा.

पण त्यांच्या लपवण्याला आणखी एक पदर आहे आणि तो आपल्याला सहजी दिसत नाही. आपल्या घरात मुलगा विचित्र वागू लागला तर पहिली भीती अब्रूची. त्यांच्या घरात पहिली भीती जिवाची. सहा फूट उंचीचा कृष्णवर्णीय मुलगा रस्त्यात स्वतःशीच मोठ्याने बोलू लागला, तर पाहणाऱ्याला आजारी माणूस दिसेल की धोका? आईला याचं उत्तर माहीत असतं. म्हणून ती त्याला घरात ठेवते, पडदे ओढते, शेजाऱ्यांना 'दमलाय' म्हणून सांगते. बाहेरून पाहणाऱ्याला यात 'समाजातील गैरसमज' दिसतो. आतून पाहिलं तर ती पहारेकरी असते.

आणि याच पहाऱ्यात दिवस निघून जातात. आजाराची सुरुवात असते तेव्हा डॉक्टर, औषध, बोलणं यांनी बराच फरक पडू शकतो. तो काळ दार लावून घेण्यात जातो. मग एक रात्र अशी येते की घरच्यांना आवरत नाही, आणि पहिलाच बाहेरचा माणूस जो आत येतो त्याच्या कमरेला पिस्तूल असतं. मला विचाराल तर लपवण्याची सगळ्यात मोठी किंमत ही आहे: वेळ. पोलिसांच्या धाकाने लपवायचं, आणि लपवल्यामुळे शेवटी पोलिसांच्याच दारी जायचं. आगीतून फुफाट्यात.

महाराष्ट्रात राहून हे समजून घ्यायचं असेल तर पारध्यांच्या पालावर जाऊन विचारा, पोलिसांची गाडी दिसली की पोटात काय होतं.

पोलिसांची भीती समजली. पण डॉक्टरांवर अविश्वास कशासाठी?

डॉक्टरांनी तो कमावलेला आहे.

१८४० च्या अमेरिकी जनगणनेत असं दाखवलं गेलं की उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तात्पर्य काय, तर स्वातंत्र्य यांना मानवत नाही! आकडे धादांत खोटे होते. एडवर्ड जार्व्हिस नावाच्या डॉक्टरने लगेच दाखवून दिलं की काही गावांत जितके कृष्णवर्णीय राहतात त्याहून जास्त 'वेडे कृष्णवर्णीय' नोंदले आहेत. तरी गुलामगिरीचे समर्थक ते आकडे मिरवत राहिले. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या दक्षिणेतल्या डॉक्टरने नवाच आजार शोधला: 'ड्रॅपेटोमेनिया'. लक्षण एकच, गुलामाला पळून जावंसं वाटणं. आणि सुचवलेल्या उपायांत चाबूकही होता.

शंभर वर्षांनी भाषा सुधारली, पण नजर फारशी नाही. १९६८ मध्ये, नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एका प्रतिष्ठित नियतकालिकात 'प्रोटेस्ट सायकोसिस' हा शब्द मांडला. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाचा राग हाच वेडाचा झटका. १९७४ मध्ये मनोविकारावरच्या हॅलडॉल या औषधाच्या जाहिरातीत मूठ आवळलेला, संतापलेला कृष्णवर्णीय माणूस दाखवला होता. आजही कृष्णवर्णीय रुग्णाला स्किझोफ्रेनियाचं निदान मिळण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाच्या सुमारे अडीचपट आहे, आणि नैराश्य नजरेतून सुटून जाण्याचं प्रमाण मोठं. रडणारा माणूस आणि रागावलेला माणूस एकाच दुःखाचे असू शकतात, पण डॉक्टरला कोण दिसतो यावर सगळं ठरतं. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने या साऱ्याबद्दल जाहीर माफी मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये.

एक जागा सांगते, म्हणजे हा इतिहास किती जवळ आहे ते कळेल. व्हर्जिनियात १८७० मध्ये फक्त कृष्णवर्णीयांसाठी मनोरुग्णालय निघालं, देशातलं पहिलं. ते पुढे पीटर्सबर्गजवळ हलवलं. आज त्याचं नाव सेंट्रल स्टेट हॉस्पिटल. ६ मार्च २०२३ ला तिथेच आयर्वो ओटिएनो या केनियात जन्मलेल्या २८ वर्षांच्या मुलाला बेड्या घातलेल्या अवस्थेत शेरिफच्या (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाच्या) माणसांनी आणि रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी अकरा मिनिटं जमिनीवर दाबून धरलं. तो तिथेच मेला. आई त्याच्या औषधांसाठी आधी तुरुंगाच्या दारात धडपडत होती. दहा जणांवर आरोप ठेवले गेले, पुढे बहुतेकांवरचे मागे घेतले गेले.

अशा घराण्यात वाढलेल्या माणसाला 'थेरपिस्टकडे जा' म्हणणं सोपं आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय जेमतेम दोन टक्के. मनाचा आजार असलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी साधारण तिघांतल्या एकालाच उपचार मिळतात. गोऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. यातलं किती लाजेमुळे, किती विम्याअभावी आणि किती दवाखानाच जवळ नसल्यामुळे, हे वेगळं करून दाखवता येत नाही. तिन्ही एकाच घरात राहतात.

'एक्सायटेड डिलिरियम' असा काही आजार असतो का? बातम्यांत वाचलं.

नसतो. आणि याची जन्मकथा वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते.

१९८० च्या दशकात मायामीत एकामागून एक कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृतदेह सापडत होते. तिथले शवविच्छेदन करणारे डॉक्टर चार्ल्स वेटली यांचं म्हणणं, या बायका कोकेन आणि शरीरसंबंध यांच्या एकत्रित परिणामाने मेल्या, कुणी मारलेलं नाही. मग एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू तसाच झाला आणि तिच्या शरीरात कोकेन नव्हतं. वेटलींच्या वरिष्ठांनी सगळी प्रकरणं पुन्हा तपासली. त्या सगळ्यांचा गळा आवळला गेला होता. एक माणूस त्यांना मारत सुटला होता, आणि डॉक्टरच्या सिद्धांतामुळे त्याचा शोधच घेतला जात नव्हता.

सिद्धांत त्या दिवशी मरायला हवा होता. तो 'एक्सायटेड डिलिरियम' या नावाने जगला, आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात शिरला: काही माणसं, विशेषतः मनोविकार किंवा नशा असलेली, अचानक राक्षसी ताकदीची होतात, त्यांना वेदना जाणवत नाहीत, आणि दाबून धरल्यावर आपोआप मरतात. दाबून धरणाऱ्याच्या दृष्टीने किती सोयीचं! डॅनियल प्रूडच्या शवविच्छेदन अहवालात मृत्यूची नोंद मनुष्यवध अशी आहे, पण कारणांच्या यादीत हा शब्दही आहेच. २०२१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हे निदान नाकारलं. २०२३ मध्ये आपत्कालीन विभागाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००९ मधला आपला पाठिंबा काढून घेतला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत्यूचं कारण म्हणून तो शब्द लिहिण्यावर कायद्याने बंदी आणली.

बलदंड, बेभान, न दुखणारं शरीर: गुलामांच्या बाजारातही कृष्णवर्णीयांचं वर्णन असंच करायचे. लांछन घरातल्या माणसांच्या मनात असतं असं आपण धरून चालतो. पण सगळ्यात जीवघेणं लांछन शवविच्छेदनाच्या अहवालात आणि पोलिसांच्या पाठ्यक्रमात टाईप करून ठेवलेलं होतं.

ज्यांचा पोलिसांशी कधीच संबंध आला नाही, त्यांच्या मनावर काही परिणाम होतो का?

होतो, आणि तो मोजलेला आहे. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. एखाद्या राज्यात पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयाला मारलं, की पुढच्या तीन महिन्यांत त्या राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचे 'मन ठीक नव्हतं' असे दिवस वाढतात. मारल्या गेलेल्या माणसाशी ओळखसुद्धा नसलेल्यांचे. देशभरासाठी संशोधकांचा अंदाज वर्षाला साडेपाच कोटी जादा दिवसांचा होता. गोऱ्या लोकांत असा फरक दिसला नाही. मेलेला माणूस सशस्त्र असेल तर कृष्णवर्णीयांतही दिसला नाही.

दुसरं म्हणजे रोजची अडवणूक. न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी लोकांना रस्त्यात थांबवल्याच्या ६,८५,००० हून अधिक नोंदी आहेत. बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, आणि बहुतेकांकडे काहीही सापडलं नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. ज्या तरुणांना वारंवार अडवलं गेलं त्यांच्यात चिंता आणि आघाताची लक्षणं जास्त आढळली. म्हणजे मन आजारी पाडायलाही पोलीस, आणि आजारी पडल्यावर दारातही पोलीस.

१० ते २४ या वयोगटातल्या कृष्णवर्णीयांत आत्महत्येचं प्रमाण २०१८ ते २०२१ या काळात ३६.६ टक्क्यांनी वाढलं. याला पोलीस हे एकच कारण आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण 'मदत मागितली तर कोण येईल' ही शंका असलेलं पोर मदत मागत नाही, एवढं तर खरं.

घरच्यांनी पोलिसांना आधीच कल्पना दिली तर?

कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीकमध्ये टॉन हॉल या आईने नेमकं तेच केलं होतं. मुलगा माइल्स, २३ वर्षांचा. आजार कळल्यावर तिने पोलिसांना भेटून त्याची माहिती दिली, ओळख वाढवली. २ जून २०१९ ला तो भ्रमाच्या अवस्थेत बागकामाची लोखंडी पहार घेऊन रस्त्यावर आला. आलेल्या पोलिसांनी काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या. तिच्या प्रयत्नांतून पुढे माइल्सच्या नावाचा कायदा कॅलिफोर्नियात झाला.

इलिनॉयमधली सोन्या मॅसी ३६ वर्षांची. तिच्या आईने ५ जुलै २०२४ ला ९११ ला फोन करून मुलीची मनःस्थिती सांगितली आणि विनवलं, पूर्वग्रह असलेले, अंगावर येणारे पोलीस पाठवू नका. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर सोन्याने स्वतःच फोन केला, घराबाहेर कुणी आहे असं वाटतंय म्हणून. शेरिफच्या माणसाने तिला तिच्याच स्वयंपाकघरात, गरम पाण्याच्या भांड्यावरून झालेल्या बाचाबाचीत, गोळी घातली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दोषी ठरला. असं क्वचित होतं.

पोलिसांना नीट प्रशिक्षण दिलं तर प्रश्न सुटेल?

१९८७ मध्ये मेम्फिसमध्ये जोसेफ ड्वेन रॉबिन्सन हा २७ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण सुरीने स्वतःला इजा करत होता. आईने मदत मागितली, पोलिसांनी त्याला मारलं. त्या संतापातून १९८८ मध्ये क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम ही पद्धत जन्मली: काही पोलिसांना चाळीस तासांचं प्रशिक्षण, आणि डॉक्टरांशी थेट जोडणी. ती देशभर पसरली. पोलिसांची समज वाढते, माणसं तुरुंगाऐवजी उपचाराकडे जाण्याची शक्यता वाढते, हे दिसतं. मृत्यू कमी होतात याचा भक्कम पुरावा मात्र नाही.

न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्स भागातल्या दोन म्हाताऱ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. एलेनॉर बंपर्स, ६६. भाडं थकलं म्हणून १९८४ मध्ये पोलीस तिला घराबाहेर काढायला आले. तिच्या हातात सुरी होती. बंदुकीच्या दोन गोळ्या. त्यानंतर नियम बदलले: थांबा, अंतर ठेवा, विशेष पथक बोलवा. मग डेबोरा डॅनर, तीही ब्रॉन्क्सची, तीही ६६. स्किझोफ्रेनिया होता आणि तो तिने लपवला नव्हता. उलट २०१२ मध्ये तिने या आजारासह जगण्यावर सहा पानी निबंध लिहिला. त्यात लोकांच्या नजरेबद्दल लिहिलं, आणि मनोरुग्णांची गाठ डॉक्टरांऐवजी पोलिसांशी पडते व ते मरतात, हेही लिहिलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिच्याच झोपायच्या खोलीत एका सार्जंटने तिला गोळ्या घातल्या. तिने बॅट उगारली होती असं त्याचं म्हणणं. आपण कमी पडलो, असं पोलीस आयुक्त जाहीरपणे म्हणाले. न्यायालयाने सार्जंटला निर्दोष सोडलं. नियम बत्तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

पोलिसांची काही बाजूच नाही का? समोर सुरी असेल तर काय करायचं?

आहे. पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या वॉल्टर वॉलेस या कृष्णवर्णीय माणसाच्या हातात सुरी होती, अँड्र्यू वॉशिंग्टनच्याही. पोलीसही माणूस आहे, त्यालाही घरी पोरं आहेत. पण फिलाडेल्फियात, ऑक्टोबर २०२० मध्ये, वॉलेससमोर आलेल्या दोघा पोलिसांकडे विजेचा झटका देणारी टेझरसुद्धा नव्हती. त्यांनी चौदा गोळ्या झाडल्या, त्याच्या आईदेखत. कुटुंबाने ॲम्ब्युलन्स मागितली होती. भ्रमात असलेल्या माणसाला 'सुरी टाक' असं ओरडून सांगितलं तर त्याला शब्द ऐकू येतीलच असं नाही. बंद दाराआड एकटा बसलेला माणूस कुणाचा जीव घेत नसेल, तर दार फोडायची घाई कशाची? वाट पाहणं हीसुद्धा एक कृती आहे, पण ती कुणाच्या कामाच्या अहवालात चांगली दिसत नाही.

मग पोलिसांऐवजी कोण?

ऑरेगनमधल्या युजीन शहरात १९८९ पासून काहूट्स नावाची सेवा होती: एक वैद्यकीय माणूस, एक संकट हाताळणारा कार्यकर्ता, एक व्हॅन, हत्यार नाही. छत्तीस वर्षं ती देशाला उदाहरण म्हणून दाखवली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पैशाअभावी युजीनमध्येच बंद पडली. डेन्व्हरने जून २०२० मध्ये अशीच सेवा सुरू केली. जिथे ती पोचली तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

जुलै २०२२ पासून देशभर ९८८ हा क्रमांक चालू आहे. मानसिक संकटासाठी, चोवीस तास. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते: ९८८ वालेही जिवाला तातडीचा धोका वाटला तर ९११ ला कळवू शकतात. असं फार थोड्या वेळा होतं, पण कृष्णवर्णीय समाजात ही शंका घर करून आहे.

आमच्या न्यू जर्सीत अँड्र्यू वॉशिंग्टनच्या आधी, मार्च २०२३ मध्ये, पॅटरसनमध्ये नाजी सीब्रुक्स मारला गेला. तो स्वतः हिंसा थांबवण्याचं काम करणारा कार्यकर्ता होता. संकटात त्याने आपल्या सहकाऱ्यांना बोलावलं. ते इमारतीत येऊन उभे होते, पण त्यांना पोलिसांनी त्याच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. या दोघांच्या नावाने जानेवारी २०२४ मध्ये कायदा झाला. वस्तीतल्या माणसांची पथकं उभारण्याचा तो प्रयोग आहे, आणि ठरवलेल्या काउंटींत जर्सी सिटीची हडसन आणि एडिसनची मिडलसेक्स याही आहेत. म्हणजे आपली अर्धी मराठी वस्ती.

समाजाच्या आतून काही चाललंय का?

भरपूर, आणि ते बातम्यांत येत नाही. मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे न्हाव्यांचं. आर्कान्सामध्ये लोरेन्झो लुईस याने २०१६ मध्ये 'कन्फेस प्रोजेक्ट' सुरू केला. कृष्णवर्णीय न्हाव्यांना तो शिकवतो की गिऱ्हाईक खुर्चीत बसून बोलतंय त्यातलं काय ऐकायचं, काय विचारायचं, कुठे पाठवायचं. जो पुरुष डॉक्टरकडे जाणार नाही तो दर पंधरा दिवसांनी न्हाव्याकडे जातोच. बीबी मूर कॅम्बेल या लेखिकेच्या नावाने २००८ पासून जुलै महिना अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्याचा महिना म्हणून पाळला जातो. अभिनेत्री ताराजी हेन्सन हिने २०१८ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढली. वडील व्हिएतनाम युद्धातून मनाच्या जखमा घेऊन परतले होते.

हे फक्त अमेरिकेतच आहे?

नाही. लंडनमध्ये २०१० मध्ये ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा तरुण रुग्णालयात स्वतःहून दाखल झाला. तिथे अकरा पोलिसांनी दाबून धरल्यावर तो गेला. २०१८ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

आपला काय संबंध? आपण तर यात नाही.

फेब्रुवारी २०१५. अलाबामातलं मॅडिसन गाव. नातवासाठी भारतातून आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा सकाळी फेरफटका मारत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला: एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मान दुखावली, अर्धांग आलं. दोन वेळा खटला चालला, ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशाने पोलिसाला मोकळं केलं. ज्यांना 'आपण यात नाही' असं वाटतं त्यांनी त्या फोनवरचं वर्णन पुन्हा वाचावं.

दुसरा संबंध उलट बाजूचा आहे. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पार्किंगमध्ये एक काळा माणूस स्वतःशी बडबडतोय, कुणीतरी ९११ करा' असे संदेश मी स्वतः वाचले आहेत. तो फोन करणारा हात आपला असू शकतो.

मग मी काय करू? शेजारी किंवा रस्त्यात असं कुणी दिसलं तर?

आधी पाहा: तो कुणाला किंवा स्वतःला इजा करतोय का? नुसता बोलतोय, हसतोय, रडतोय, येरझाऱ्या घालतोय, तर तो गुन्हा नाही. ओळखीचा असेल तर त्याच्या घरच्यांना कळवा. मदत हवी असेल तर ९८८ लावा. न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीत मानसिक तातडीची तपासणी करणारं केंद्र आहे. त्याचा क्रमांक शोधून आजच फोनमध्ये ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसू नका.

जिवावर बेतलं असेल आणि ९११ लावावाच लागला, तर पहिलं वाक्य 'मेंटल हेल्थ इमर्जन्सी' हे असू द्या. प्रशिक्षित पथक मागा. आजाराचं नाव, औषधं, कशाने तो शांत होतो, हे सांगा. हत्याराबद्दल विचारलं तर जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. 'असेल बहुतेक' म्हणू नका. घरात दिवे लावून ठेवा. फोन ठेवू नका, पथक येईपर्यंत लाइनवर राहा, आणि शक्य असेल तर दाराबाहेर जाऊन, हात मोकळे आणि दिसतील असे ठेवून, येणाऱ्यांना तुम्हीच पहिले भेटा.

भारतातून वाचत असाल तर तुमच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.